वाडीवरील विद्यार्थी व कॉलेजची शिष्यवृत्ति

(धर्मग्रामाच्या रौप्य महोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत बोलणाऱ्यानें मागील पंचवीस वर्षांचें गुणगान करावें, ज्यांनीं भिंती उभारल्या त्यांचे आभार मानावे व टाळ्यांच्या गजरांत खालीं बसावें, असा प्रघात आहे. हें कार्य आमच्या आधीं बोललेल्या वक्त्यांनीं इतक्या उत्तम रीतीनें पार पाडलें आहे कीं, त्यांत भर घालण्याचें आम्हांस कारण उरलें नाहीं. समितीनें विषय निवडण्याची मोकळीक आम्हांस दिली. तिचा लाभ घेऊन आम्ही आज कॉलेजच्या फीविषयीं बोलणार आहों. प्रभुमंदिराच्या अंगणांत, फुलांच्या कमानीखालीं, हा विषय कांहींसा रुक्ष वाटेल हें आम्ही जाणतों. परंतु महोत्सवनिधींत जी रक्कम शिल्लक आहे ती कशी खर्च करावी याचा निर्णय आपणांस येत्या पंधरवड्यांत घ्यावयाचा आहे. कोणी म्हणतात प्रवेशद्वारास दगडी कमान व्हावी, कोणी म्हणतात घंटा नवी आणावी. त्या निर्णयापूर्वीं आमचें म्हणणें आपल्या कानांवर घालणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

आपला हा मुलूख पाण्याचा आहे. तानसेचें धरण १८९२ मध्यें पुरें झालें आणि तेव्हांपासून येथील पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईस जात आहे. मागून वैतरणा व भातसा या नद्यांवरही धरणें झालीं. तरी शहापूर तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायाबापड्या टँकरची वाट पाहत उभ्या असतात, हें आपणांस सांगावयास नको. शिकूं पाहणारीं मुलेंही त्याच दिशेनें जातात. कसारा, खर्डी, आटगांव, आसनगांव येथून लोकल धरून कल्याण, ठाणें, मुंबई. आणि मुरबाडास रेल्वे नाहीं म्हणून तिकडचीं मुलें बसनें कल्याणास. पाण्याला वाटेंत कोणी दाखला मागत नाहीं, मुलांना मागतात.

हीं मुलें कोणाचीं, तर ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी, मल्हार कोळी अशा घरांतील. महाराष्ट्रांत ज्या तीन जमाती सरकारनें आदिम म्हणून वेगळ्या काढिल्या आहेत, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांबरोबर आपले कातकरी आहेत. २०११ च्या शिरगणतींत महाराष्ट्रांतील आदिवासींची संख्या एक कोटी पांच लाखांवर भरली. त्यांपैकीं लिहितां-वाचतां येणारे शेंकडा ६५.७ होते, त्याच वेळीं अवघ्या राज्याचें प्रमाण ८२ च्या वर होतें. उच्च शिक्षणाची गोष्ट घ्याल तर, २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीप्रमाणें कॉलेजांत जाणाऱ्यांचें सर्व समाजांचें प्रमाण २८.४ आणि आदिवासींचें २१.२ होतें. आंकडे ऐकून कोणी म्हणेल, अंतर फारसें नाहीं. पण सरासरी ही मोठी फसवी वस्तु आहे. तिच्यांत ज्या जमातींस दोन पिढ्यांपूर्वीं शाळा मिळाली त्यांचीं मुलें आणि ज्यांचीं कुटुंबें आजही दिवाळी झाली कीं वीटभट्टीवर जातात त्यांचीं मुलें एकाच टोपलींत मोजलीं जातात.

वीटभट्टीचें नांव निघालें आहे तर तेंच आधीं बोलूं. भात कापून झालें कीं कातकरी कुटुंब भिवंडी, कल्याण, मुरबाडाकडील भट्ट्यांवर जातें तें पावसाच्या तोंडावर परत येतें. जाण्यापूर्वीं मालकाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यास नवरा, बायको व हाताशीं आलेलें मूल असे सारे लागतात. १९३९ मध्यें सिमिंग्टन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा मुंबई इलाख्यांतील आदिवासींविषयींचा अहवाल प्रसिद्ध झाला. सावकारी, कर्ज व वेठ यांचा जो पाश त्यानें वर्णिला, त्याच्या कचाट्यांत आपला ठाणें जिल्हाही होता. वेठबिगारीविरुद्ध १९४५ मध्यें वारल्यांनीं उठाव केला तो याच जिल्ह्यांत. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगार बेकायदा झाली. पण उचल घेऊन हंगामभर बांधून घेणें ही चाल अजून पुरती मेलेली नाहीं. हें आम्ही कां सांगतों, तें पुढें ध्यानांत येईल.

आतां शिष्यवृत्तीकडे वळूं. मॅट्रिकनंतर शिकणाऱ्या मुलांस सरकारनें पैसे द्यावे ही कल्पना जुनी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः अशाच मदतीवर शिकले. बडोद्याच्या सयाजीरावमहाराजांनीं महिना साडेअकरा पौंड दिले म्हणून १९१३ मध्यें ते अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत पोहोंचूं शकले. पुढें व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळांत असतां त्यांनीं अनुसूचित जातींच्या मुलांकरितां वर्षास तीन लाख रुपये मंजूर करविले, व १९४४-४५ पासून ती शिष्यवृत्ति सुरू झाली. आदिवासी मुलांस ती १९४८-४९ पासून लागू झाली. म्हणजे आज आपल्या वाडीवरील मुलगा ज्या योजनेचा अर्ज भरतो, ती आपल्या राज्यघटनेपेक्षां वयानें मोठी आहे. घटनेच्या ४६ व्या कलमानें दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाति-जमातींच्या, शिक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली, ती मागून.

दुसरें उदाहरण आमच्या विशेष आवडीचें आहे. छोटानागपूरचा एक मुंडा मुलगा रांचीच्या सेंट पॉल शाळेंत शिकत होता. तेथील मुख्याध्यापक कॉसग्रेव्ह हे अँग्लिकन धर्मगुरु होते. ते त्यास इंग्लंडला घेऊन गेले व तो ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजांत शिकला. तोच जयपाल सिंग. १९२८ मध्यें अ‍ॅमस्टरडॅमला ऑलिंपिकमध्यें आपल्या देशाला हॉकीचें सुवर्णपदक मिळालें, त्या संघाचा तो कप्तान होता. आणि पुढें घटना समितींत आदिवासींची बाजू त्यानें अशी मांडली कीं आजही ती भाषणें वाचावीं. कॉसग्रेव्ह आमच्या पंथाचे नव्हते. असते तर आम्ही त्यांची तसबीर सभागृहांत लाविली असती. नसतांही लावावयास हरकत नाहीं.

आज काय मिळतें? ज्या आदिवासी विद्यार्थ्याच्या आईबापांचें वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आंत आहे, त्यास अकरावीपासून थेट पीएच.डी.पर्यंत केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति मिळूं शकते. तींत कॉलेजची शिकवणीची व परीक्षेची फी येते, आणि त्याखेरीज निर्वाहभत्ता. खर्चाचा पाऊण वांटा केंद्राचा व पाव राज्याचा. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरावयाचा आणि पैसे आधारशीं जोडलेल्या बँक खात्यांत यावयाचे. शहापूरला आदिवासी विकास प्रकल्पाचें कार्यालय आहे, सरकारी वसतिगृहें आहेत. वसतिगृहांत जागा न मिळालेल्यांसाठीं २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. ती सुरू झाली तेव्हां मुंबई-ठाण्यासारख्या शहरांत राहून शिकणाऱ्यास जेवण, खोली व किरकोळ खर्च मिळून वर्षाला साठ हजार रुपये ठरविले होते. परदेशीं शिकावयास जाणाऱ्यांकरितां केंद्राची १९५४-५५ पासूनची वेगळी शिष्यवृत्ति आहे, दर वर्षीं सबंध देशांतून वीस जणांस, त्यांतल्या तीन जागा आदिम जमातींस. संशोधन करणाऱ्यांस दर वर्षीं साडेसातशे अधिछात्रवृत्ति आहेत. तेव्हां सरकार कांहींच करीत नाहीं, असें जे चहाच्या टपरीवर बोलतात, ते खरें बोलत नाहींत.

मग अडतें कोठें?

पहिली अडचण काळाची. फी जूनमध्यें लागते आणि शिष्यवृत्ति येते हप्त्याहप्त्यानें, कधीं वर्ष सरतां सरतां, कधीं पुढील वर्षीं. शिष्यवृत्तीस पात्र मुलाकडून प्रवेशाचे वेळीं फी मागूं नये असें सरकार वारंवार कळवितें. तरी कॉलेजांची तक्रार अशी कीं, आमच्या मास्तरांचे पगार कशांतून द्यावे? दोघांचेंही म्हणणें आपल्या जागीं ठीक असेल, परंतु मध्यें उभी असते ती सतरा वर्षांची पोर. एका कॉलेजनें — नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं — आमच्या ओळखीच्या एका मुलीचें निकालपत्र फीच्या बाकीपायीं चार महिने अडकवून ठेविलें होतें. तोंवर पुढील प्रवेशाची मुदत टळली. ती आज एका कारखान्यांत पाकिटें भरते. तिची शिष्यवृत्ति मंजूर झाली होती, हेंही सांगितलें पाहिजे. पैसेही आले, पण मागाहून.

निर्वाहभत्त्याचें तर विचारूंच नये. २०१० मध्यें जे दर ठरले त्यांत घरून ये-जा करणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलास महिन्यास २३० रुपये होते, वसतिगृहांत राहणाऱ्यास ३८०. डॉक्टरी-इंजिनियरीसारख्या वरच्या वर्गांतील वसतिगृहवासी मुलास १२००. २३० रुपयांत आजकाल काय येतें, तें आपल्या बाजारहाट करणाऱ्या भगिनींनीं सांगावें. वसतिगृहांतील खाणावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यांत टाकण्याचा निर्णय सरकारनें केला, तेव्हां २०१८ च्या जुलै महिन्यांत आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायीं निघाले होते. भर पावसांत मुलें रस्त्यानें चाललीं तीं चैनीसाठीं नव्हे. खात्यांत पैसे उशिरा आले तर पोटाला उशीर करतां येत नाहीं, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें.

दुसरी अडचण कागदाची, आणि ती पहिलीहून अवघड आहे. जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्याकडून, उत्पन्नाचा तहसीलदाराकडून. येथवर बरें. परंतु नर्सिंग, इंजिनियरिंग, डॉक्टरी अशा व्यावसायिक शिक्षणास जावयाचें तर २००१ पासून अंमलांत आलेल्या राज्याच्या कायद्याप्रमाणें तो दाखला खरा असल्याचें पडताळणी समितीचें प्रमाणपत्र लागतें. त्यालाच लोक व्हॅलिडिटी म्हणतात. हा निर्बंध उगाच आलेला नाहीं. आदिवासी नसलेल्या पुष्कळांनीं नांवाच्या साम्याचा फायदा घेऊन खऱ्या आदिवासींच्या जागा बळकाविल्या. म्हणून १९९४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पडताळणीची रीत घालून दिली, आणि २०१७ मध्यें असा निकाल दिला कीं, खोट्या दाखल्यावर मिळविलेली जागा किंवा नोकरी राखतां येणार नाहीं. चोर पकडण्यासाठीं लाविलेलें हें कुलूप आहे. दुःख इतकेंच कीं, किल्ली शोधण्यांत घरधन्याचाच जन्म जातो.

ठाकूर बांधवांचें उदाहरण घ्या. अनुसूचीत ठाकूर, ठाकर, क ठाकूर, म ठाकूर अशीं नांवें आहेत. पण ठाकूर हें आडनांव इतर समाजांतही आहे. म्हणून समितीस संशय येतो व खऱ्या ठाकरालाही तो निस्तरावा लागतो. ६ सप्टेंबर १९५० रोजीं राष्ट्रपतींचा जमातींविषयींचा आदेश निघाला. त्या दिवसापूर्वींपासून आपलें कुटुंब येथेंच होतें असें दाखवावयाचें असतें. आजोबा शाळेंत गेले नाहींत, तर त्यांच्या शाळेचा दाखला कोठून आणावा? मग गांवच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहावयाच्या, ज्यांस आपण कोतवाल बुक म्हणतों. ज्याचा जन्म रानांत झाला, ज्याच्या बापाला जमीन नव्हती, त्याचें नांव त्यांत असलेंच तर नशीब. असलें तरी कोणी कारकुनानें घाईंत नुसतें ‘हिंदु’ लिहून ठेविलेलें. त्यापुढें आप्तभावाची परीक्षा: तुमचीं दैवतें कोणतीं, लग्नांत काय करतां, मेल्यावर काय करतां. कल्याणांत जन्मलेल्या, बाप रिक्षा चालवितो अशा मुलानें याचीं उत्तरें बरोबर न दिल्यास तो ठाकूर नव्हे असें ठरावें काय? २४ मार्च २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनीं, ठाकूर जमातीच्याच एका संघटनेच्या अर्जावर, हा प्रश्न निकालांत काढिला. आप्तभावाची परीक्षा ही अंतिम कसोटी नव्हे; कागदोपत्रीं पुरावा समाधानकारक असेल तर तिची गरजच नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. हा निकाल प्रत्येक वाडीवर वाचून दाखवावा इतका महत्त्वाचा आहे. आम्हीं तो शक्य तेथें सांगितला आहे, आणि बहुतेक ठिकाणीं तो प्रथमच ऐकला गेला.

येथें आपल्या ख्रिस्ती कुटुंबांपुरतें एक स्पष्ट सांगतों, कारण याविषयीं नाना प्रवाद आहेत. वारली किंवा कातकरी मनुष्य ख्रिस्ती झाला म्हणून त्याची जमात जात नाहीं. अनुसूचित जातींच्या आदेशांत धर्माची अट आहे. जमातींच्या आदेशांत तशी अट नाहीं. २००४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असें म्हटलें कीं, नुसत्या धर्मांतरानें कोणी जमातीबाहेर जात नाहीं. तो जमातीच्या चालीरीतींत राहिला आहे कीं नाहीं, हें वस्तुस्थितीवरून पाहावें. तेव्हां आपल्या वाडीवरील ख्रिस्ती मुलांनीं अर्ज करतांना धर्म लपवूं नये. त्याबरोबरच आपली बोली, आपला नाच, आपल्या लग्नांतील गाणीं टाकूनही देऊं नयेत. सणाला तारपा वाजला तर कांहीं जुनीं माणसें नाक मुरडतात, तें आम्हीं पाहिलें आहे. त्यांनीं कृपा करून पुढील गोष्ट ऐकावी.

कॅनडा देशांत १८७६ मध्यें तेथील मूळनिवासींविषयीं एक कायदा झाला. त्यांत असें होतें कीं, मूळनिवासी मनुष्यानें विद्यापीठाची पदवी घेतली, वकील झाला किंवा धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली, कीं तो आपोआप मूळनिवासी राहत नसे! चारच वर्षांत ही सक्ति काढली गेली, परंतु वृत्ति गेली नाहीं. शिकला कीं तो आपल्यांत आला, म्हणजे त्यांचा उरला नाहीं, हीच ती वृत्ति. त्याच देशांत निवासी शाळा चालल्या. पुष्कळ शाळा आपल्याच ख्रिस्तसभेच्या लोकांनीं चालविल्या. तेथें मुलांना आईबापांपासून तोडलें, आपली भाषा बोलल्याबद्दल शिक्षा दिली. २०२२ च्या जुलैमध्यें दिवंगत पोप फ्रान्सिस स्वतः तेथें गेले व मास्क्वासिस या गांवीं त्यांनीं त्या लोकांची क्षमा मागितली. म्हाताऱ्या पोपमहाशयांना चाकाच्या खुर्चीवर बसून इतका प्रवास करावा लागला, यावरून काय तें समजावें. आज त्याच देशांत मूळनिवासींच्या कॉलेजशिक्षणासाठीं सरकार पैसा देतें, व बहुतेक ठिकाणीं तो कोणास द्यावा हें त्यांच्या स्वतःच्या पंचायती ठरवितात. ही शेवटची गोष्ट ध्यानांत ठेवावी. आम्ही पुन्हा तिच्याकडे येऊं.

आतां आमची सूचना. महोत्सवनिधीची शिल्लक रक्कम कमान किंवा घंटा यांत न घालतां तिचा एक फिरता निधि करावा. ज्या आदिवासी मुलामुलीस कॉलेजांत प्रवेश मिळाला आहे पण शिष्यवृत्ति अद्याप यावयाची आहे, त्यास प्रवेशाची फी व पहिल्या दोन-तीन महिन्यांचें भाडें-जेवण यापुरती रक्कम बिनव्याजीं द्यावी. शिष्यवृत्ति आली कीं त्यानें ती परत करावी, म्हणजे तोच पैसा पुढच्या मुलास मिळेल. शिष्यवृत्ति कांहीं कारणानें आलीच नाहीं, तर वसुलीसाठीं कोणी त्याच्या दारीं जाऊं नये.

यावर तीन आक्षेप आमच्या कानीं आले आहेत. सरकार देत असतां आपण कां द्यावें, हा पहिला. त्याचें उत्तर वर येऊन गेलें. दुसरा असा कीं, पैसे घेऊन मुलें मध्येंच कॉलेज सोडतात. सोडतात, हें खरें. परंतु जीं सोडतात त्यांतलीं बहुतेक पहिल्याच वर्षीं, पावसाळ्याच्या चार महिन्यांत सोडतात असें आमच्या पाहण्यांत आहे. आणि तेच चार महिने हातीं पैसा नसतो. हा योगायोग आम्हांस वाटत नाहीं.

तिसरा आक्षेप गंभीर आहे व तो करणारीं माणसें वाईट नाहींत. ते म्हणतात, ‘फादर, आमचींही मुलें शिकतात. आमच्या बापानें रेल्वेंत हमाली केली. आम्हांला ना शिष्यवृत्ति, ना राखीव जागा. मग आमच्याच वर्गणीचा पैसा दुसऱ्याच्या मुलाला कां?’ हा प्रश्न रास्त आहे. धर्मग्रामांतील इतर गरजू घरांसाठीं विन्सेंट डी पॉल मंडळी आहे व तिचें काम कमी होऊं नये, असेंच आम्ही म्हणूं. परंतु एक फरक पाहावा. आपल्यांतील रेल्वेवाल्याच्या मुलास फी कमी पडली तर मामा आहे, पतपेढी आहे, बायकोच्या गळ्यांतील पोत आहे. कातकऱ्याच्या मुलास फी कमी पडली तर त्याच्या बापास उसनें देणारा या तालुक्यांत एकच मनुष्य आहे: वीटभट्टीचा मालक. तो नाहीं म्हणत नाहीं. दहा हजार रुपये हसत देतो; आणि दिवाळीनंतर त्या कुटुंबांतील आणखी एक माणूस भट्टीवर जातो. पुष्कळदां तो माणूस म्हणजे त्या मुलाची धाकटी बहीण असते. थोरल्याच्या कॉलेजपायीं धाकटीची शाळा सुटते. आम्ही ज्या निधीची गोष्ट करतों तो या एका कर्जाच्या जागीं यावा, एवढ्यासाठीं आहे.

आणखी दोन गोष्टी, आणि त्यांवर आमचा आग्रह राहील. हा निधि मागणाऱ्यास धर्म विचारूं नये. वाडीवरील बहुतेक मुलें आपल्या प्रभुमंदिरांत येणारीं नाहींत. त्यांस यावेंच लागेल अशी शंकासुद्धां कोणाच्या मनांत राहूं नये. शिष्यवृत्ति ही बाप्तिस्म्याची किंमत नव्हे, आणि तशी कोणी लाविली तर बाप्तिस्म्याची विटंबना आधीं होते. या मुलांचीं नांवें महोत्सवाच्या अंकांत छापूं नयेत, धनादेश देतांनाचे फोटो काढूं नयेत. ज्यांना फोटोंची हौस आहे त्यांच्यासाठीं आजचा मंडप आहेच.

दुसरें असें कीं, निधि कोणास द्यावा हें पांच जणांच्या मंडळानें ठरवावें. त्यांत किमान तिघे वाड्यांवरील असावे, आणि त्या तिघांत एक तरी स्त्री असावी. आम्ही त्या मंडळांत असणार नाहीं. आमची बदली केव्हांही होऊं शकते, व नव्या फादरांच्या मर्जीवर कोणाचें नर्सिंग अवलंबून राहूं नये. कोणाचें घर खरोखर अडलें आहे हें वाडीला जितकें ठाऊक असतें, तितकें आम्हांस कधींच कळणार नाहीं.

निधि होवो अगर न होवो, एक काम मात्र उद्यांपासून करतां येण्यासारखें आहे व त्याला पैसा लागत नाहीं. आपल्या धर्मग्रामांत निवृत्त कारकून आहेत, शिक्षक आहेत, बँकेंतील माणसें आहेत, संगणकावर बोटें नाचविणारे तरुण तर पुष्कळ. महाडीबीटीच्या अर्जांत बापाचें नांव आधारावर एक व दाखल्यावर दुसरें असलें, बँक खातें आधारशीं जोडलेलें नसलें, हजेरी भरली नाहीं, कीं अर्ज अडकतो. अशा बारीक चुकांनीं वर्षें वाया जातात. ती चूक दुरुस्त करण्यास अर्धा तास व थोडा धीर लागतो. आमचें सहा-सात जणांशीं बोलणें झालें आहे. ते येत्या रविवारपासून सकाळच्या मिस्सेनंतर शाळेच्या पहिल्या वर्गांत बसतील.

तेव्हां वाडीवरून आलेल्या मंडळींनीं कृपा करून लक्ष द्यावें. मूल अकरावींत असेल व पुढें नर्सिंग, इंजिनियरिंग किंवा डॉक्टरीकडे जावयाचें मनांत असेल, तर पडताळणीचा अर्ज आतांच करावा. बारावीच्या निकालाची वाट पाहूं नये. बापास, चुलत्यास किंवा सख्ख्या भावंडास व्हॅलिडिटी मिळालेली असल्यास तें प्रमाणपत्र अवश्य आणावें, त्यानें काम पुष्कळ हलकें होतें. येतांना मुलाचा व बापाचा शाळा सोडल्याचा दाखला, आधार, रेशनकार्ड, बँकेचें पुस्तक आणि घरांत पेटीच्या तळाशीं जो काय जुना कागद असेल तो आणावा, मग तो फाटका असो वा वाचतां न येणारा. ज्यांच्याकडे कांहींच नाहीं त्यांनींही यावें. कोतवाल बुकांतील नोंद काढण्याचा अर्ज आम्ही तेथेंच लिहून देऊं. झेरॉक्सचें यंत्र शाळेंत आहे, त्याचे पैसे पडणार नाहींत. मंडळी दुपारीं एकपर्यंत बसतील. मुरबाडाकडून येणाऱ्यांची बस उशिरा पोहोंचते, हें ध्यानांत घेऊन त्यांच्यासाठीं दोनपर्यंत थांबूं. जेवणाची सोय धर्मभगिनींनीं आपणहून अंगावर घेतली आहे.